बाद ठरवलेला तापमापक

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे पाऱ्याची काचनळी आली असेल, पण मी तसा नाही. माझ्यात पारा नाही आणि आकडा दाखवणारा पडदाही नाही. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी पांढरी डबी आणि आत एक बॅटरी, एवढंच माझं शरीर. भिंतीवर अडकवलं की त्या खोलीत किती ऊब आहे, ते मी दिवसरात्र स्वतःशी टिपत राहतो. माझं मत कोणी विचारत नाही. आज मी ते न विचारता देणार आहे.

कारखान्यातून बाहेर पडण्याआधी मला वितळत्या बर्फाच्या पाण्यात बुडवलं होतं. असं पाणी शून्य अंशावर असतं. त्यात बुडून जो शून्याखेरीज दुसरं काही सांगेल, तो सरळ कचऱ्यात जातो. मी शून्यच सांगितलं. पुढेही ही परीक्षा अधूनमधून होत राहिली आणि मी कधी नापास झालो नाही. ज्यांनी मला बाद ठरवलं, त्यांना मात्र कोणी कधी असं भांड्यात बुडवून तपासलं असेल, असं वाटत नाही.

माझी पहिली नोकरी ऑस्ट्रेलियातल्या ऑरेंज नावाच्या गावाजवळ, सफरचंदांच्या शीतगृहात होती. संगणकाच्या पडद्यावर मी एखादा अंश जास्त सांगितला की मालक धावत यायचा, दाराचं रबर तपासायचा, कारागिराला फोन करायचा. हा खोटं बोलतोय, असं तो एकदाही म्हणाला नाही. सफरचंदांच्या बाबतीत माणसं फार शहाणी असतात, कारण नासलेलं फळ विकलं जात नाही. गारठलेल्या म्हाताऱ्या माणसाला तसंही कोणी गिऱ्हाईक नसतं.

शीतगृह बंद पडलं आणि मी सिडनीच्या एका कार्यालयात आलो. इमारतींमुळे हवेत जाणारा कार्बन कमी करायचा, असं त्या कार्यालयाचं काम होतं. लिथगो या डोंगरातल्या थंड गावातल्या सरकारी घरांच्या एका रस्त्यासाठी त्यांनी योजना आखली होती. घरं लाकडी फळ्यांची, पत्र्याच्या छपराची, फटीफटींतून वारा आत घेणारी. रस्त्याच्या एका बाजूच्या घरांच्या छतात आणि जमिनीखाली लोकरीच्या जाड गाद्या भरायच्या, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवायच्या. दुसरी बाजू आहे तशी ठेवायची. हिवाळाभर दोन्ही बाजूंचे वीजमीटर बघायचे. दुरुस्त केलेल्या बाजूला दुसरीपेक्षा कमी वीज लागली, तर दुसऱ्या बाजूचंही काम करायचं. नाही लागली, तर योजना गुंडाळायची. प्रत्येक घरात माझ्यासारखा एकेक तापमापकही लावला. तो कशासाठी, हे लावणाऱ्यांनाही नीट सांगता आलं नाही.

मी व्हर्ना कर्सलेकच्या बैठकीच्या खोलीत लागलो. व्हर्ना सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी, शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढलेली बाई. तिचं घर दुरुस्तीच्या बाजूला होतं. काम होण्याआधीचे काही आठवडे मी तिथे काढले. संध्याकाळी खोलीत दहा-अकरा अंश असायचे. व्हर्ना कोट घालून, लोकरी टोपी कानांवर ओढून, गरम पाण्याची रबरी पिशवी पोटाशी धरून बसायची. हीटर होता, पण लावत नसे. लावला तरी ऊब फटींतून बाहेर जायची, मग चालवायचा कशाला, असं तिचं म्हणणं. ते बरोबर होतं.

मग गाद्या भरल्या, फटी बुजल्या. व्हर्नाने हीटर लावला आणि लावलेली ऊब खोलीत राहिली. मी अठरा अंश टिपले. त्या संध्याकाळी तिने कोट काढून खुंटीला अडकवला, तो हिवाळ्यात तिथे अडकवलेला मी प्रथमच पाहिला.

समोरच्या, दुरुस्त न केलेल्या बाजूला क्लॅरी ट्रँटर राहायचा. जन्मभर कोळशाच्या खाणीत काम केलेला माणूस. छातीत कोळशाची धूळ साठलेली, थंडी पडली की खोकून खोकून वाकायचा. गेल्या हिवाळ्यात दोनदा इस्पितळात जाऊन आला होता. तो संध्याकाळी व्हर्नाकडे क्रिबेज खेळायला यायचा. हा पत्त्यांचा डाव आहे. यात गुण फळीवरच्या बारीक भोकांत खुंट्या सरकवून मोजतात. डाव आटोपला की क्लॅरी पुन्हा आपल्या गार घरी जायचा. तिथे माझा एक जुळा भाऊ भिंतीवर होता.

हिवाळा अर्धा सरला तेव्हा पिअर्स लॅथलीन आला. योजनेचं मोजमाप करायचं काम त्याच्याकडे होतं. नम्र, नीटनेटका, पायात महागडे बूट. त्याने व्हर्नाला गोड शब्दांत सांगितलं की तिच्या घरची वीज कमी होण्याऐवजी वाढली आहे, आणि असंच चाललं तर पुढचं काम मंजूर होणं अवघड जाईल. ती म्हणाली, आधी हीटर लावतच नव्हते, आता लावते. पिअर्सने समजूतदारपणे मान हलवली. "पण व्हर्ना, वापर खाली आला पाहिजे, एवढं लक्षात ठेवा." मी त्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होतो. अकरा अंशांचे आठवडे आणि अठरा अंशांचे आठवडे, दोन्ही माझ्याकडे होते. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. योजना विजेची होती, उबेची नव्हती.

कुठल्या बाजूचा वापर कुणापेक्षा खाली यायला हवा, हेही त्याने सांगितलं नाही. ते त्याच्या लेखी इतकं उघड होतं की सांगायची गरजच वाटली नाही. शिकलेल्या माणसाचा हा आळस मी पुढेही पुष्कळ पाहिला.

तो गेल्यावर व्हर्नाने हीटर बंद केला. कोट खुंटीवरून उतरला. घर आता चांगलं होतं म्हणून ऊब लगेच घसरली नाही, पण दोन-चार दिवसांत मी बारा टिपू लागलो. क्लॅरीला तिने सर्दी झाल्याचं सांगून थोपवलं. तरी तो एका संध्याकाळी मटाराच्या सुपाचं भांडं घेऊन आलाच. डाव मांडला. व्हर्नाला खुंटी भोकात बसवता येईना. बोटं वाकत नव्हती.

क्लॅरी म्हणाला, "नाक बघ तुझं. बीटरूट झालंय."

"हीटर बिघडलाय."

क्लॅरी उठला आणि त्याने बटण दाबलं. हीटर घरघरत सुरू झाला. "बिघडलाय म्हणे. खोटं बोलायला अक्कल लागते व्हर्ना, तुझं काम नाही ते."

तिने हातातली खुंटी फळीवर ठेवली. मग म्हणाली, "आकडा खाली आला नाही तर तुमच्या बाजूचं काम व्हायचं नाही, गाढवा. आणखी एक हिवाळा काढशील तू त्या घरात?"

"म्हणजे तू इथे गारठून मरायचं, आणि मी तुझ्या मयताला ऊबदार घरातून निघायचं? छान."

दोघांनी सूप गरम केलं आणि वाद घातला. शेवटी क्लॅरीने तोड काढली. दुसऱ्या दिवशी त्याने आपली आरामखुर्ची ढकलगाडीवर घालून रस्ता ओलांडला. फ्रिज सोडून आपल्या घरातलं सगळं बंद केलं आणि संध्याकाळ झाली की तो व्हर्नाकडे येऊन बसू लागला. मागच्या खोलीत त्याच्यासाठी खाट टाकली. "दोन हीटरांच्या जागी एक," तो म्हणाला. "यात खोट काढायला त्या पिअर्सलासुद्धा जमायचं नाही."

ही युक्ती रस्ताभर पसरली. समोरच्या बाजूची बरीच माणसं संध्याकाळी इकडच्या ओळखीच्या घरी येऊन बसू लागली. कोणी मटणाचे चॉप्स आणायचं, कोणी भोपळ्याचे स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव. आपण योजनेला हातभार लावतो आहोत, असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं. व्हर्नाच्या खोलीत मी एकोणीस अंश टिपले. क्लॅरी रात्रीचा खोकेनासा झाला. मित्रांनो, दोन्ही बाजूंची वीज एकत्र मोजली तर ती खरोखर कमी झाली होती, आणि माणसं पूर्वीपेक्षा उबेत होती. कार्यालयाला जे हवं होतं, ते या म्हाताऱ्यांनी कार्यालयाला न विचारता करून टाकलं होतं.

वसंतात वस्तीच्या सभागृहात निकाल सांगायला पिअर्स आला. लॅमिंग्टन केकच्या ताटल्या मांडलेल्या होत्या, चहाचा मोठा बंब उकळत होता. आम्हाला भिंतींवरून काढून एका खोक्यात भरलं होतं आणि ते खोकं त्याच्या टेबलाखाली होतं, म्हणून मी सगळं ऐकलं. त्याची बेरीज-वजाबाकी बिनचूक होती. दुरुस्त बाजूची वीज थोडी वाढली, आणि जिथे हातही लावला नव्हता त्या बाजूची एकतृतीयांशाने घटली. म्हणजे गाद्या भरण्याचा काही उपयोग दिसत नाही. योजना इथेच थांबेल.

कोणीतरी विचारलं, भिंतीवरच्या त्या डब्यांचं काय झालं? पिअर्स हसला. ती उपकरणं बिघडलेली निघाली, असं म्हणाला. समोरच्या घरांमध्ये भर संध्याकाळी पाच अंश दाखवत होती. पाच अंशांत माणसं बसून राहतील का? म्हणून त्यांच्या सगळ्या नोंदी बाद केल्या.

क्लॅरी उभा राहिला. "बसलो नव्हतोच, बाबा. मी व्हर्नाकडे होतो."

सभागृहात हशा पिकला. पिअर्सचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्याला काय वाटलं ते त्याच्या बुटांवरून कळलं. ते टेबलाखाली एकावर एक चढले आणि तसेच राहिले. मग तो म्हणाला की अहवाल वर गेला आहे, पुढच्या योजनेच्या वेळी ही बाब जरूर विचारात घेऊ. त्याच अहवालाने पुढची योजना संपवली होती.

व्हर्नाने बसल्या जागेवरून विचारलं, "मग क्लॅरीचं घर?"

त्याच्या बाजूने पुरावा नाही, असं उत्तर आलं. पुरावा खोक्यात होता. पिअर्सच्या बुटाचं टोक त्याला लागत होतं.

मला सिडनीला परत आणलं. खोक्यावर 'सदोष' अशी चिठ्ठी लावली आणि कोठीच्या खोलीत फळीवर ठेवलं. मला कोणी बर्फाच्या पाण्यात बुडवून पाहिलं नाही. त्याला फक्त एक भांडं आणि थोडा बर्फ लागला असता.

मित्रांनो, माझ्यासारख्यांची निगा राखा असं मी तुम्हाला सांगणार नाही. पुसलं नाही म्हणून माझं काही अडत नाही. माझं मागणं वेगळं आहे. कोणी तुम्हाला सांगेल की अमुक घराने इतकी वीज वाचवली, तेव्हा टाळ्या वाजवण्याआधी विचारा की त्या घरात कोण बसलं होतं आणि त्याला थंडी वाजत होती का. आणि एखाद्याला बिघडलेला ठरवण्याआधी स्वतःला विचारा की तो चुकला म्हणून रागावलात, की त्याचं म्हणणं अडचणीचं होतं म्हणून.

आता पुन्हा हिवाळा आला आहे. क्लॅरी आपली खुर्ची घेऊन रस्ता ओलांडतो का, ओलांडायला तो आहे का, हे मला कोणी सांगत नाही. कार्बन कमी करणाऱ्या या कार्यालयाच्या कोठीत रात्रीही चोवीस अंश असतात आणि रविवारी, इमारतीत एकही माणूस नसतानाही, चोवीसच असतात. बॅटरी चालू आहे तोवर मी ते टिपतो आहे.