पुडीनं निजवलेली राखणदारीण

साहेब, आम्हाला तुम्ही निजवलं. मारलं असतं तर निदान कुणाला कळलं असतं. तुम्ही चार महिने आम्हाला गुंगीत ठेवलं, आणि ज्या बाईची आम्ही राखण करत होतो तिच्याकडूनच वर दुवा घेतली.

मित्रांनो, साहेब मला ओळखतात, तुम्ही ओळखत नाही, म्हणून सांगते. मी एक जुनी पेशी आहे. कुंभार पिंपळगावजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या द्वारकाबाईच्या फुप्फुसात माझं घर आहे. ती जन्मली त्याच दिवसांत माझ्या पणज्या इथं राहायला आल्या. साठ वर्षं झाली, आमचं घराणं हललेलं नाही. चुलीचा धूर, तुरीचा भुसा, कापसाची कसपटं, श्वासातून जे येईल ते गिळायचं, हे माझं काम. मला कुणी शिकवलं नाही आणि कुणी कधी शाबासकीही दिली नाही.

विषाणू मी चेहऱ्यावरून ओळखत नाही. आधी कधी न पाहिलेलाही मला कळतो. त्याच्या पोटात एक निरोप असतो, त्याची घडण आमच्या निरोपांपेक्षा निराळी असते. ती हाताला लागली की मी हाक देते. ती ऐकून शेजारच्या पेशी कवाडं आतून लावून घेतात, म्हणजे विषाणूला तिथं पिलावळ वाढवता येत नाही. ज्यांच्यात तो शिरला, त्यांना संपवायला आमचीच दुसरी फौज येते. कालपर्यंतच्या शेजारणी असतात त्या, पण इलाज नसतो. माझी हाक मेंदूपर्यंत गेली की अंग तापतं. ताप येतो तो आमच्या सांगण्यावरून येतो.

गेल्या हंगामात द्वारकाबाईचे गुडघे धरले. कापूस वेचणाऱ्या बायांची एक रीत होती. जी बाजारला जाईल तिनं सगळ्यांच्या पुड्या आणायच्या, जशी हळद आणायची तशा. बाजारात टेबल मांडून डॉक्टरकी करणारे हे साहेब कागदात तीन सुट्ट्या गोळ्या बांधून देत. गुडघ्याला त्याच, कंबरेला त्याच, तापालाही त्याच.

"पुडी खाल्ली की मी सोळा वर्सांची व्हते बाई," शेजारीण उषाबाई म्हणायची.

"मंग नवरा बी तसाच बघावा लागंल की," द्वारकाबाई म्हणायची आणि हसायची. ती हसली की माझं घर हलायचं. मला ते फार आवडायचं.

त्यातल्या एका बारीक पांढऱ्या गोळीनं सूज उतरायची, हे खरं. पण सूज म्हणजे आमचीच धावपळ. ती गोळी धावपळच बंद पाडते. चार महिन्यांत असं झालं की मी हाक द्यायला जावं आणि आवाजच निघू नये.

पौषात फ्लूचा विषाणू आला. मी त्याला ओळखलं. हाक दिली, ती शेजारच्या कवाडापर्यंतही पोचली नाही. ताप आला तोही कसनुसा. द्वारकाबाईनं पुडी दुप्पट केली आणि वेचायला गेली. तिला बरं वाटत होतं, मित्रांनो, आणि माझ्या आजूबाजूला घरामागून घर पडत होतं.

पाचव्या दिवशी तिला धाप लागली. सून वंदना तिला जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या तरुण डॉक्टर अक्षता मॅडमनी ऑक्सिजन लावला आणि आधी काय चालू होतं ते विचारलं. वंदनानं पदराची गाठ सोडून पुडी पुढे केली. गोळ्यांना पाकीट नाही, नाव नाही. मॅडमनी साहेबांना फोन लावला. ताकदीच्या आहेत, एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

"ह्यात स्टेरॉइड असणार," मॅडम म्हणाल्या. "एकदम बंद केलं तरी धोका, तसंच चालू ठेवलं तरी धोका. किती खाल्लंय ते कळलं असतं तर बरं झालं असतं."

तीन दिवस एका बाईचा जीव अंदाजावर चालला होता. वंदना तिचे तळपाय चोळत म्हणत राहिली, "आत्याबाई, दम घ्या. आजून एक. आता आजून एक." तिच्या सांगण्यावर श्वास आत यायचा आणि त्यावर आम्ही उरल्यासुरल्या तग धरायचो. मॅडमनी औषध तोलून तोलून दिलं. मग रक्तातून नव्या पेशी मदतीला आल्या. एके सकाळी मला माझी हाक ऐकू आली.

द्वारकाबाई वाचली. महिन्याभरानं काठी टेकत ती बाजारच्या दिवशी साहेबांपुढे उभी राहिली. मागे पंधरा बायांची रांग. तिनं उरलेली पुडी टेबलावर ठेवली.

"साहेब, ह्यात काय हाय?"

"मावशी, गुण आल्ता का न्हाई?"

"आल्ता. म्या ते न्हाई इचारलं."

साहेबांनी पुढच्या बाईला हाक मारली. पुढची उषाबाई होती. ती जागची हलली नाही.

मित्रांनो, तुमच्या आजीच्या पिशवीत बिननावाची गोळी दिसली तर ती मनानं बंद करू नका. खऱ्या डॉक्टरांकडे न्या आणि तिचं नाव विचारा. आम्हाला हार नको, तुरा नको. आम्हाला काय पाजताय, एवढं कळू द्या.

साहेब, द्वारकाबाई अजून उभी आहे. तिला फार वेळ उभं राहवत नाही. सांगा, काय होतं त्यात?