पुजलेला सांगाडा

आमच्या सरांना एकच गोष्ट मनापासून येते, हार घालणं. माणूस असो का मशीन, दिसलं की हार! विद्यापीठाच्या बीडजवळच्या केंद्रात मेकरस्पेस उघडलं, तेव्हा थ्रीडी प्रिंटरला असा गच्च हार घातला की पाकळ्या आत जाऊन मशीन महिनाभर बंद. निस्तरलं कुणी? मी. वर्षाराणी, संशोधन सहायक. म्हणजे पोरांना सोल्डरिंग शिकवायचं, पाहुण्यांसाठी स्मृतिचिन्हं छापायची, आणि जीव उरला तर संशोधन करायचं.

त्या उरलेल्या जिवावर मी एक सांगाडा केला. दप्तरासारखा पाठीला अडकवायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, प्रिंटरवर छापलेले सांधे, कमरेला रुंद पट्टा. उसाची मोळी त्यावर ठेवली की भार डोक्यावर न येता कमरेवर जातो. कुठल्या समितीसाठी केला नव्हता मी तो. माझ्या आईसाठी केला होता. सावित्रीबाई तिचं नाव. बाप ऊस तोडतो, आई मोळ्या बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकात चढवते. मागच्या हंगामात तिच्या मानेचा मणका सरकला. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, आता डोक्यावर ओझं घेतलं तर हात लुळा पडेल.

मग घरी बस म्हणायचं ना! म्हटलं की. तर बाप म्हणाला, "आमी दोघं मिळून एक कोयता हाव. ती न्हाई आली तर म्हाळू मुकादम मला एकट्याला कावून घील?" त्याचंही खोटं नव्हतं. जोडी नसेल तर टोळीत कुणी उभं करत नाही.

श्रावणात मी आईला मेकरस्पेसमध्ये आणलं. तिच्या खांद्यांचं, कमरेचं माप घेऊन सांधे छापले. सांगाडा चढवला, वर वाळूचं पोतं ठेवलं. ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालली आणि मधेच थांबली.

"वर्षे, मान कुठं गेली गं माझी? जानवतच न्हाई!"

मी तिथंच पोरांसमोर रडले. लाज कसली त्यात.

आणि मग आले आयत्या बिळावर नागोबा. मोहनराव सर, आमचे विभागप्रमुख. इतके महिने ज्यांनी "ते तुझं दप्तर कुठंपर्यंत आलं" एवढंच विचारलं, त्यांनी एका दुपारी त्याचं 'ऊससखी' असं बारसं करून टाकलं. भिंतीवर पोस्टर लागलं. वर सरांचा फोटो, खाली सरांचं नाव, माझं नाव भिंग घेऊन शोधावं लागेल असं. मी गिळलं. म्हटलं, नाव घ्या, फोटो घ्या, सांगाडा तेवढा आईच्या पाठीवर जाऊ द्या.

खंडेनवमीला सरांनी मेकरस्पेसमध्ये यंत्रपूजा ठेवली. लेझर कटर, ड्रिल, पक्कड, सगळं पुसून ओळीत मांडलं. मधल्या टेबलावर लाल कापड, आणि त्यावर माझा सांगाडा. सरांनी सांध्यांवर हळदकुंकू वाहिलं, पट्ट्यात झेंडू खोचला, नारळ फोडला. आरती झाल्यावर मी पुढं झाले.

"सर, उद्या सकाळी आमच्या गावची टोळी निघतीय. सांगाडा घेऊन जाते."

"वेडी आहेस का? पूजेतली वस्तू हलवायची नसते. उद्या उत्तरपूजा झाली की काचेच्या कपाटात ठेवायची. सोमवारी विद्यापीठाची तपासणी समिती येतेय."

"आईच्या मापाचा आहे तो, सर."

"मग आईला दुसरा छाप की."

"मशीन कधी मोकळं असतं? दोन महिने तुमची स्मृतिचिन्हंच चाललीत!"

सर हसले. त्यांचं ते हसणं बघितलं की अंगाचा तिळपापड होतो.

"वर्षाराणी, तू गावाकडची. नवमीला हत्यार हलवत नाहीत, हे मी तुला सांगायचं?"

"हत्यार कामाचं असतं म्हणून पुजतात, सर. कपाटात ठेवायला नाही."

"उचललंस तर सोमवारपासून येऊ नकोस."

मी उचलला. झेंडू खाली पडला, तो पडू दिला. सांगाडा पाठीला अडकवला आणि सगळ्यांसमोरून चालत बसस्टँडवर आले. पाटोद्याच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, "ताई, ही काय भानगड हाय?" मी म्हटलं, "माझी नोकरी." तो खदाखदा हसला.

घरी देव्हाऱ्यापुढं बापाचा कोयता पुजून ठेवलेला. मी आईला सगळं सांगितलं, एकदम फुशारकीत. नोकरीला लाथ मारली, असं मीच म्हणाले. आईनं सांगाडा मांडीवर घेतला, कुंकू लागलेल्या सांध्यांवरून बोट फिरवत राहिली.

"तुज्या सायबानं पुजलंय व्हय हे?"

"पुजू दे नाहीतर पुरू दे. उद्या पाठीवर घालून जा."

"बरं," म्हणाली.

दसऱ्याला उजाडता उजाडता वेशीत ट्रक लागला. भांडी, गोधड्या, शेळ्या, सगळं चढत होतं. बापानं कोयत्यावर अक्षता टाकल्या, हलवला, पोत्यात गुंडाळला आणि निघाला. मागून आई आली. डोक्यावर गोधड्यांचं बोचकं, बोचक्याखाली जुन्या लुगड्याची चुंबळ. पाठ मोकळी.

मी घराकडं पळाले. सांगाडा देव्हाऱ्यात होता. खंडोबाच्या टाकाशेजारी भिंतीला टेकवलेला, वर ताजं हळदकुंकू, पट्ट्यात आपट्याचं पान, पुढं निरांजन. तसाच उचलून वेशीत आणला.

"आई! कावून ठिवलास गं हा? घाल!"

"आगं ए, आसा उचलून आनतेत व्हय! पाचटात, चिखलात नेऊ का त्याला? मोडला म्हंजी?"

"मोडू दे! दुसरा करीन!"

आईनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, लहान लेकराकडं बघावं तसं.

"कुठं करशील, बाई? मशीन तर सोडून आलीस तू."

नोकरी फेकून मी तिला सांगाडा आणून दिला, आणि नोकरी फेकली म्हणूनच तो तिला घालवेना.

"लेकीनं केल्याला येकच हाय," ती म्हणाली. "घरात ऱ्हाऊ दे. आल्यावर घालीन की."

"आल्यावर काय डोंबल उचलायचंय? मोळ्या तिकडं हायत!" मी ओरडले. बायका बघायला लागल्या. मी पट्टा तिच्या खांद्यावर चढवायला गेले, तिनं माझा हात धरून खाली केला. बाप ट्रकावरून म्हणाला, "नगं तमाशा करू, वर्षे." म्हाळू मुकादम शिव्या देत सगळ्यांना चढवायला लागला.

ट्रक सुटला. आई ट्रकाच्या मागच्या फाळक्याला धरून उभी होती आणि मी खाली, सांगाडा छातीशी धरून. वळणावर तिला मागं बघायचं होतं. मान वळेना, म्हणून तिनं अख्खं अंग माझ्याकडं वळवलं.