सरळ जावा की

कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या विजयसिंहांच्या कंपनीत चुका होत नसत. म्हणजे होत, पण झाल्याचं कळवायची सोय नव्हती, त्यामुळे सगळं कसं शांत असे.

आज गारगोटीपुढच्या एका वाडीत दूध संस्थेच्या टाकीला कंपनीचं नवं यंत्र बसायचं होतं. दूध किती गार आहे ते बघायचं आणि कूलर चालू-बंद करायचा, एवढंच त्याचं काम. त्यातला प्रोग्राम संयोगितानं लिहिला होता. त्यातलं तापमान वाचणारं फंक्शन मात्र विजयसिंह साहेबांनी स्वहस्ते ‘सुधारलं’ होतं, आणि त्यापायीच ती गाडीत गप्प बसायला तयार नव्हती.

“सर, सेन्सरची वायर निघाली तर हे फंक्शन मागचंच तापमान परत देतं. चार अंश. आत दूध नासेल, पडद्यावर चारच.”

“मग चांगलंच हाय की! चार बघून माणसाला बरं वाटतं.”

“फंक्शननं ‘जमलं’ किंवा ‘नाही जमलं, आणि का’ एवढंच परत द्यावं. तापमान वेगळ्या जागी ठेवावं. जमलं का, हे विचारल्याशिवाय तो आकडा कुणी उचलायचाच नाही.”

“म्हणजे यंत्रानं गिऱ्हाइकापुढं ‘ठाऊक न्हाय’ म्हणायचं? अगं, कोल्हापुरात जन्मलंय ते!”

संयोगिता खिडकीबाहेर बघू लागली. संध्याकाळी साऱ्या वाडीचं दूध त्या टाकीत पडणार होतं, आणि ते नासलं तर नाव तिचंच निघणार होतं.

गारगोटी मागं पडली नि रस्त्याला फाटे फुटले. मोबाइलवर नकाशा बघणं साहेबांना कमीपणाचं वाटे. त्यांनी बांधावरच्या एका माणसाला विचारलं, “दूध संस्था कुठं हो?”

“सरळ जावा की पावणं!” त्यानं क्षणभरही विचार केला नाही.

सरळ गेले. पुढं एकानं तितक्याच प्रेमानं डावीकडं धाडलं. आणखी एकानं तर डोक्यावरची वैरण खाली टाकून उजवीकडचा रस्ता दाखवला. तो रस्ता चांगला रुंद होता, आणि थेट उसात जाऊन संपला. चाक सरीत रुतलं.

विजयसिंह खाली उतरले ते घोट्यापर्यंत चिखलात. “ठाऊक न्हाय तर ठाऊक न्हाय म्हणायचं की! कोण फाशी देणार हाय?”

“पण सर, रस्ता ऐकून माणसाला बरं वाटतं,” संयोगिता म्हणाली.

साहेबांनी चिखलातला पाय उपसत उसाकडं पाहिलं. ऊस काही बोलला नाही. निदान त्यानं खोटा रस्ता तरी सांगितला नाही.

“लॅपटॉप आणलायस?”

“आणलाय की.”

“मग कर तुझ्या मनासारखं. आणि हापिसात सांग, साहेबांना सुचलं.”

तिनं फंक्शन बदललं, मागच्या सीटवरच्या यंत्रात भरलं आणि सेन्सरची वायर मुद्दाम उपसली. पडद्यावर अक्षरं उमटली: ‘तापमान ठाऊक नाही. वायर तपासा.’ इतकं खरं बोलणारं त्या वाटेवर दुसरं कुणी भेटलं नव्हतं.

इतक्यात साहेबांचा फोन वाजला. संस्थेचे चेअरमन बाळासो विचारत होते, “कुठवर आलाय?”

विजयसिंहांनी रुतलेल्या चाकाकडं पाहिलं.

“आलोच की! तुमच्या दारातच हाय!”

संयोगितानं लॅपटॉप मिटला. हे फंक्शन काही तिच्या हातून दुरुस्त होण्यातलं नव्हतं.