ढबीचं दावं

"आबा, पोरीला दाव्याला बांधलंत?"

लेक दुधाची बादली घेऊन गोठ्यातून आली आणि अंगणातच थबकली. खांबाला वासराचं जुनं दावं, आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला, कमरेला सैल फास घातलेली तिची दीड वर्षाची ढबी. डोक्यावर चुंबळ, ती घसरू नये म्हणून हनुवटीखाली फडक्याची गाठ, दोन्ही गुडघ्यांना पोत्याचे तुकडे. एवढा सरंजाम लढाईला निघालेल्या शिपायाच्याही नशिबी नसतो.

"बांधलं कुठं? नुसतं अडकवलंय," आबा म्हणाले. "वासरानं कधी तक्रार केली नाही."

"वासराला बोलता येत नाही."

"मग हिला तरी कुठं येतंय?"

लेकीनं बादली खाली ठेवली.

लेकीची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. घरात तेव्हापासून ही तिघंच. जावई ट्रक चालवायचा, पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. आई होती तोवर ढबी दिवसातून वाटेल तितक्या वेळा पडायची आणि तितक्याच वेळा उठायची. कोणी हिशेब ठेवत नव्हतं. पोर धपकन आपटलं की आई आधी दुसरीकडे बघायची. मग सावकाश वळून म्हणायची, "अगं बाई, मुंगी मेली! कुठाय? शोध बघू." ढबी उकिडवी बसून जमिनीत मुंगी शोधायची, आणि शोधता शोधता रडायचं राहून जायचं.

मग एका सकाळी आईच पडली. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला, डोकं गव्हाणीच्या कडेला लागलं. उठली, कपडे झटकले. "काही नाही, मुंगी मेली," म्हणाली. आबा धार काढत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "किती मेल्या?" दोघंही हसली. दुपारी डोकं दुखतंय म्हणून ती आडवी झाली, ती उठली नाही.

तेव्हापासून घरात मुंगीचं नाव निघत नव्हतं. मुंग्या मात्र पूर्वीसारख्याच भिंतीवरून जात होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. आबा पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले होते. उंबऱ्याला पोतं, ओट्याच्या कडेला पोतं, जात्याला गोधडी. घर म्हणायचं की धान्याचं गोदाम, हे बाहेरच्याला कळू नये. एवढं करूनही ढबी पडायचीच, कारण तिला पोत्यांचीच ठेच लागायची. ती पडायच्या आधीच आबा ओरडायचे, "अयाई गं! मेलो!" पोरीचं रडायचं अजून ठरलेलंही नसायचं. ती आजोबांच्या तोंडाकडे बघायची, आणि तिथं जे दिसायचं त्यावरून तिची खात्री पटायची की आपल्याला भयंकर काहीतरी झालंय. मग जो सूर लागायचा, तो ऐकून कुंपणावर शेजारची काकू उगवायची. गावात तिला भोंगा म्हणायचे. तिच्यासमोर कोणी म्हणत नसे, कारण तिच्यासमोर दुसऱ्याला काही म्हणायला मिळतच नसे.

आत्ताही ती उगवली.

"डोक्यावर पडली का गं?"

"पडलीच नाही, काकू."

"मग पडेल. माझ्या मावशीच्या दिराचा मुलगा असाच पडला होता लहानपणी. अजून बोबडा बोलतो."

"काकू, तो शाळेत मास्तर आहे."

"तेच तर. पडला नसता तर कुठल्या कुठं गेला असता!"

गावात डॉक्टर एक, आणि सल्ला मात्र घरटी मिळायचा, तोही न मागता. या सगळ्याचा गुण एवढाच आला की ढबीनं चालणं सोडलं. चांगली तुरुतुरु धावणारी पोर आता मांडी ठोकून बसून राहायची. पडायचं नाही तर उठायचंच कशाला, हा तिचा विचार आजोबांपेक्षा पक्का होता.

"आबा, वापसा आलाय," लेक म्हणाली. तीन दिवसांच्या पावसानंतर ऊन पडलं होतं. माती मुठीत दाबली तर लाडू व्हावा आणि सोडली तर फुटावा, अशी झाली होती. "आज पेरलं नाही तर ढेकळं होतील. सगळ्यांच्या पाभरी निघाल्या."

"जाऊ देत. पोरीकडे कोण बघणार?"

"मी."

"तुझं लक्ष नसतं."

लेक खांबापाशी गेली. मग म्हणाली, "त्या दिवशी कोणाचंच नव्हतं, आबा. म्हणून आता हिला जन्मभर खांबाला ठेवायचं का?"

भोंगासुद्धा बोलली नाही. असं फार कमी वेळा व्हायचं.

लेकीनं वाकून ढबीच्या कमरेचा फास काढला. चुंबळ काढली, पोती सोडली. दावं अंगणात तसंच पडलं. ढबीनं स्वतःकडे पाहिलं, जरा हलकं वाटलं असावं. ती खांब धरून उभी राहिली. खांब सोडला. एक पाऊल टाकलं, दुसऱ्याला डुलली आणि धपकन बसली.

"अयाई गं!" आबा धावले. दाव्यात त्यांचा पाय अडकला आणि ते अंगणातल्या चिखलात पालथे पडले.

कोणी हललं नाही. लेकीला अंगण दिसत नव्हतं, गोठा दिसत होता. गव्हाणीची कड दिसत होती. मग ती धावली, गुडघ्यांवर बसली, दोन्ही हातांनी त्यांचं डोकं चाचपलं. पुढून, मागून, कानामागे. "डोकं लागलं? आबा, खरं सांगा. काही नाही म्हणायचं नाही."

"हात टेकले," आबा म्हणाले. "डोकं नाही लागलं. खरंच."

तेवढ्यात ढबी उठली. कोणाचा हात न धरता, डुलत डुलत ती आजोबांपाशी आली आणि त्यांच्या तोंडाजवळ उकिडवी बसली. तोंडाकडे तिनं पाहिलंच नाही. ती चिखलात बघत होती. एक बोट काढून तिनं आबांच्या हनुवटीखालची माती नीट, मन लावून उकरायला सुरुवात केली.

लेकीला आधी कळलं. आबांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते तसेच पडून राहिले, गाल चिखलात टेकून.

"किती मेल्या गं?" शेवटी त्यांनी विचारलं.

ढबीनं चिखलाचं बोट वर करून दाखवलं.

"मी म्हणतच होते, कोणीतरी पडणार," कुंपणावरून भोंगा म्हणाली.

आबा उठले. हातपाय धुतले, दावं गुंडाळून वासराच्या खुंटीला अडकवलं. बैल सोडले, पाभर घेतली. जाताना लेकीला म्हणाले, "डोक्यावर पडली तर हाक मार. नुसती पडली तर नको."

ते फाटकापाशी पोचले तेवढ्यात मागे धपकन आवाज झाला. आबांचे पाय थांबले. मान वळली नाही. ती न वळवायला किती जोर लागत होता, ते पाठीवरूनही दिसत होतं.

ढबीनं आजोबांकडे पाहिलं; तिकडे नुसती पाठ होती. मग आपल्या आईकडे पाहिलं. लेक आभाळाकडे बघू लागली. आभाळ स्वच्छ होतं, तिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. तरी डोळ्यांतलं पाणी खाली येऊ नये म्हणून ती बराच वेळ बघत राहिली.