इंझोरीची फाइल

देवमन इंगोलेच्या हातून जे घडलं ते मुंबईत घडलं, एका शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या सुटीत. निस्तरायला मात्र त्याला इंझोरीला यावं लागलं, स्वतःच्या गावात, स्वतःच्या आईसमोर.

त्याचे वडील पुंजाजी दुसऱ्यांच्या वावरात राबले, आई भागिरथाबाईनं निंदण-खुरपण केलं, आणि पोरगा अमरावतीला संख्याशास्त्र शिकून मुंबईच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला लागला. तिथं कॉम्प्युटर होता. एकोणऐंशी साल होतं ते. कॉम्प्युटर म्हणजे काय हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि सुटीत घरी आल्यावर देवमनला ते सांगताही यायचं नाही. एक थंडगार खोली, तिच्यात कपाटाएवढी यंत्रं, ताटांची चवड लावावी तशी डिस्क. त्या डिस्कवर प्रत्येकाला थोडी थोडी जागा वाटून दिलेली. आपली जागा भरली, की यंत्र पुढचं काही घेत नसे.

अमेरिकेहून परतलेल्या एका संशोधकानं टेपवर एक खेळ आणला होता. त्यात चित्र नव्हतं, आवाज नव्हता, नुसती अक्षरं. आपण एक योद्धा व्हायचं. त्याला बळ किती, बुद्धी किती, तलवार कोणती, मंत्र कोणते, हे यंत्र ठरवून द्यायचं. मग जमिनीखालच्या भुयारांत उतरायचं. 'उत्तरेला जा' असं टाइप केलं, की उत्तरेला काय आहे ते पडद्यावर उमटायचं. कुठं राक्षस, कुठं कुलूपबंद दार, कुठं शापित राजा. मेलं की पहिल्यापासून सुरुवात. पण मरायच्या आधी खेळ डिस्कवर साठवून ठेवला असेल, तर तिथून पुढं जाता यायचं.

देवमनला त्या खेळानं धरलं ते सोडेचना. वसतिगृहात त्याच्याशी कोणी फारसं बोलत नसे. आडनाव ऐकून गाव विचारणारे आणि गाव ऐकून गप्प होणारे लोक त्याला पाठ झाले होते. भुयारात त्याला कोणी काही विचारत नव्हतं. सहा रविवार घालवून त्याचा योद्धा सातव्या तळापर्यंत पोचला. जितकं खोल जावं तितका नकाशा वाढायचा, आणि तितकी साठवणीची फाइलही फुगायची.

त्या शुक्रवारी तो एका अजगराच्या दालनाच्या दारात उभा होता. अडीचला यंत्र दुरुस्तीसाठी बंद होणार होतं. त्यानं खेळ साठवायला सांगितलं. पडद्यावर उमटलं, जागा शिल्लक नाही. त्यानं आपले जुने सराव पुसले, दोन अर्धवट प्रोग्राम पुसले. तरीही भागेना. त्याच्या वाट्याच्या जागेत आता एकच मोठी फाइल उरली होती. तिचं नाव इंझोरी. ते नाव त्यानंच दिलं होतं.

संस्थेतल्या विजयमाला मॅडम लहान मुलांच्या मृत्यूंवर अभ्यास करत होत्या. त्यासाठी काही गावांत घरोघर फॉर्म भरून घेतले होते. त्यांतलं एक गाव देवमनचं, म्हणून ते काम त्यांनी मुद्दाम त्याच्याकडे दिलं होतं. फॉर्मवरून भोकं पाडून कार्डं पंच झाली होती, कार्डांवरून माहिती डिस्कवर चढली होती, आणि ती तपासून टेपवर उतरवायचं काम त्याचं होतं. ते दोन आठवडे लांबलं होतं. लांबलं कशामुळं, हे त्यालाच माहीत होतं.

कार्डं आहेतच कपाटात, तो मनाशी म्हणाला. सोमवारी पुन्हा चढवू. आणि त्यानं फाइल पुसली.

सोमवारी कपाट उघडलं तर रिकामं. जागा नाही म्हणून जुनी कार्डं आणि फॉर्मांचे गठ्ठे रद्दीत काढायचे, अशी नोटीस आठवड्यापूर्वी फिरली होती. ज्यांना आपलं काही ठेवायचं असेल त्यांनी तसं लिहावं. नोटिशीवर देवमनची सही होती. सही केली तेव्हा त्याचे डोळे टर्मिनलवर होते. नोटीस त्यानं वाचलीच नव्हती.

"डिस्क खराब झाली, मॅडम," तो म्हणाला.

विजयमाला मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना शंका आली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. "यंत्रं ती," त्या म्हणाल्या. "एकूण बेरजेचा एक छापील कागद आहे तेवढा. दगावलेली मुलं एकेचाळीस. पण नावं नाहीत, वयं नाहीत, कारणं नाहीत. तू तिथलाच आहेस, तुला लोक ओळखतात. पंधरा दिवस जाऊन येशील? मागच्या वेळी फॉर्म भरणाऱ्या त्या बेबीताईंना घे सोबत."

तो नाही कसं म्हणणार होता?

अकोल्याहून एस.टी. धरून शेलूबाजार, मंगरूळपीर करत तो गावी पोचला तेव्हा वावरांत हरभरा कापायला, सोंगायला आला होता. मायला वाटलं पोरगा सुटीवर आला. त्यानं थैलीतून कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा काढला तेव्हा ती म्हणाली, "हे तं मांगच्या साली भरले होते ना रे?"

"पुन्यांदा भरा लागते, माय. सरकारी तपासनी हाय."

तेच खोटं त्यानं बेबीताईलाही सांगितलं. बेबीताई बालवाडी चालवायची. त्यांच्याच वस्तीतली, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेली. देवमनला तिनंच पहिली मुळाक्षरं गिरवायला दिली होती. गेल्या साली दीडशे घरं तिनं एकटीनं पायी फिरून भरली होती. तिनं फॉर्म उलटून पाहिला.

"सवाल तेच हायेत," ती म्हणाली.

"हाव."

"बायांले लय जड जाते रे हे सांगाले. काही जनी तं दोन दोन खेपा घातल्यावर बोलल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले.

देवमननं मुंबईत ती माहिती रकान्यांमध्ये पाहिली होती. वय महिन्यांत, कारण एका आकड्यात. हगवणीला तीन, गोवराला पाच. आता त्याला ते आकडे बायांच्या तोंडून ऐकावे लागले. एक बाई चुलीत काडी सारता सारता सांगायची, दुसरी सांगताना पदराचं टोक दातात धरायची. एका घरात सासूनं सुनेला बोलूच दिलं नाही. पाटलांच्या आळीत चतुराबाई दारातूनच म्हणाली, "मागं मी येडी होती म्हून सांगतलं. आता नाही सांगत. लिहा, कोनी नाही मेलं."

बेबीताईनं तसंच लिहिलं. बाई जे सांगेल ते लिहायचं, असा नियम होता.

बाहेर आल्यावर देवमननं हळूच विचारलं, "मागं किती सांगतले होते?"

"थे मागचं झालं," बेबीताई म्हणाली.

पाचव्या दिवशी ते तांड्यावर गेले. हिरीबाई बाजेवर बसून लुगड्याला ठिगळ लावत होती. तिनं दोघांना पाणी दिलं. फॉर्म पाहून तिची सुई थांबली.

"थो कागद कुठी गेला? मी सांगतलेला?"

बेबीताईनं देवमनकडे पाहिलं. मुंबईची बाब त्याची होती.

"तपासनी हाय, बाई," तो म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

हिरीबाईनं सुई लुगड्यात टोचून ठेवली आणि सांगायला लागली. पोरगा तीन वर्षांचा होता. गोविंदसिंग नाव. आधी ताप, मग हगवण. दवाखान्यात न्यायला गाडी जुंपली तोवर पोरगा बोलत होता, बैलाच्या गळ्यातली घंटी मला दे म्हणत होता. मंगरूळपीर दिसायला लागलं तेव्हा बोलायचा थांबला. तिनं घाई केली नाही, काही गाळलं नाही. देवमन लिहीत होता. वय, महिने छत्तीस. कारण, तीन. घंटीसाठी रकाना नव्हता.

ते उठले तेव्हा ती त्याला म्हणाली, "या खेपेले नीट ठेवजा, भाऊ."

"हाव," तो म्हणाला. तांड्याच्या बाहेर बाभळीखाली त्यानं फॉर्मांची थैली बेबीताईच्या हातात दिली आणि जरा बाजूला जाऊन पाठमोरा उभा राहिला. बेबीताईला वाटलं, ऊन लागलं असेल.

आपल्या घराचा फॉर्म देवमननं आठव्या दिवसापर्यंत मागं ठेवला होता. त्यात काय अवघड, त्याला वाटत होतं. तो आणि धाकटी बहीण, दोघंही जिवंत. माय सुपात ज्वारी पाखडत होती. बेबीताई समोर बसली, देवमन दाराशी.

"किती लेकरं झाले, भागिरथाबाई?"

मायनं एकदा देवमनकडे पाहिलं, मग सुपाकडे.

"दोन. दोन्ही हायेत."

बेबीताईचा पेन कागदावर टेकलेला तसाच राहिला. शाईचा एक टिपका मोठा होत गेला. मग तिनं दोन लिहिलं, त्याच्या खाली पुन्हा दोन लिहिलं, आणि कागद घडी न घालता थैलीत ठेवला. माय पाखडत राहिली. कोंडा उडून देवमनच्या पायांवर येत होता.

त्याला समजायला वेळ लागला नाही.

दोघं बालवाडीच्या ओसरीवर आले. तिथं त्यानं विचारलं, "मागच्या साली मायनं किती सांगतले होते?"

"थे तिनं मले सांगतलं, देवमन. तुले नाही."

"मले माहीत नव्हतं."

"तुले माहीत नको होतं म्हनून तं ती तुह्यासमोर बोलली नाही. मांगं मी एकटी होती." तिनं चप्पल काढली, पाय चोळले. "तुहे साहेब लोक कायले पुन्यांदा विचारते, मले सांग बरं. आमच्या लिहिन्यात काही चूक होती काय?"

तेव्हा मात्र त्याच्यानं राहवलं नाही. आठ दिवस ही बाई आपल्या कामात काय चुकलं असेल याचा विचार करत त्याच्या सोबत चालली होती. त्यानं सगळं सांगितलं. डिस्क, जागा, अजगर, नोटिशीवरची सही. तो सांगत होता आणि त्याचं त्यालाच ते ऐकवत नव्हतं. मुंबईत त्या खेळाला निदान नाव होतं, खेळणारे चार जण होते. या ओसरीवर त्याला काहीच आधार नव्हता.

बेबीताईनं मध्ये एकदाच विचारलं. "थो गडी मेला तं काय होते?"

"कोनता?"

"खेळातला."

"काही नाही. जिथं साठवला तिथून पुन्यांदा उठते."

तिनं चप्पल पुन्हा पायात घातली. त्याला वाटत होतं तिनं शिव्या द्याव्यात. लहानपणी पाटी फोडली तेव्हा तिनं त्याच्या हातावर पट्टी मारली होती. आता तिनं तसं काही केलं नाही.

"कोनाले सांगू नको गावात," ती म्हणाली. "तुह्यासाठी नाही म्हनत मी. हिरीबाईच्या कानावर जाईन म्हून म्हनतो." मग तिनं थैली ओढून घेतली. "राह्यलेले बारा घरं उद्यापासून मी एकटी करतो. तू नको येऊ."

बारा घरांचे फॉर्म तिनं दोन दिवसांत आणून दिले. देवमननं बेरीज केली. अडतीस. छापील कागदावर एकेचाळीस होते. तिघं कमी. एक चतुराबाईचं, एक त्याच्या आईचं. तिसरं कोणाचं, हे बेबीताईनं सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

निघताना माय त्याला एस.टी.पर्यंत पोचवायला आली. भाकरीचं गाठोडं दिलं. "तुह्या डोयाखाली काळं आलं," म्हणाली. "मुंबईत झोपत नाही काय?" गाडी येईपर्यंत बराच वेळ होता. विचारायचं असतं तर विचारता आलं असतं. पण ती फाइल आपण कशासाठी पुसली, हे सांगितल्याशिवाय विचारायचं कसं? तो गाडीत चढला.

मुंबईत त्यानं आधी विजयमाला मॅडमना गाठलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "त्या तीन मुलांचं काय करायचं आता?"

अहवालात अडतीसच छापले गेले. नाव नसलेला मृत्यू धरता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. देवमनचं टर्मिनल काढून घेतलं आणि त्याला पंचिंगच्या खोलीत बसवलं. त्याला ते कमीच वाटलं. त्याआधी त्यानं योद्ध्याची फाइल पुसली होती. एक ओळ टाइप करावी लागली. जागा मोकळी झाली, एवढंच.

दिवाळीला तो घरी गेला. बेबीताईनं जयभीम घातला, बालवाडीचं छप्पर गळतं म्हणाली, मुंबईचा विषय काढला नाही. घरी माय अनारसे तळत होती. तो जवळ बसला.

"माय," तो म्हणाला.

"काय रे?"

"काही नाही."

तिनं पहिला अनारसा त्याच्या हातावर ठेवला, गरम आहे म्हणाली. मायचं गेलेलं ते लेकरू मुलगा होता की मुलगी, देवमनच्या आधीचं की नंतरचं, हे त्याला अजून ठाऊक नाही.