मालकाला चहा

प्रसेनजीतनं डॅशबोर्डवरचा गणपती दोन्ही हातांनी उचलला आणि खाली उभ्या असलेल्या हंबीररावांकडं दिला. मग घंटा सोडवली, काचेवरची झेंडूची माळ काढली. त्या जागी घरून आणलेली बुद्धाची छोटी मूर्ती ठेवली आणि सीटवर मागं रेलून बघितलं. गाडी पूर्वी दिसायची तशीच दिसत होती. फक्त ती आता त्याची नव्हती.

हंबीरराव शाहूवाडीकडचे, भातशेतीवाले. ट्रक घेताना व्यवहारापलीकडं त्यांचं फारसं बोलणं झालं नव्हतं. परवा प्रसेनजीतनं चाचरत फोन केला, तासाभरासाठी गाडी आमच्या वस्तीत आणाल का, म्हातारा बघायचं म्हणतोय. तेव्हा त्यांना आधी काही उमगलं नाही. उमगल्यावर ते एवढंच म्हणाले, की शनिवारी कोल्हापुरात येणंच आहे. आता गणपती उराशी धरून ते विहाराच्या भिंतीलगत सावलीत जाऊन उभे राहिले, परक्याच्या लग्नात चुकून शिरलेल्या माणसासारखे.

गाडी विकल्याचं आबांना घरात कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची सोयच नव्हती.

आबांची साखर आधी डोळ्यांवर गेली, मग किडनीवर. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. प्रसेनजीत गाडी घेऊन हुबळी, तुमकूर, कधी थेट सेलमला. आठ-आठ दिवस घराचं तोंड दिसायचं नाही. त्याची बायको शिवानी एकटीच सासऱ्यांना रिक्षातून न्यायची, आणायची. एकदा मशीनवरून उतरल्यावर आबा रिक्षा स्टँडवर कोसळले. तिचा फोन आला तेव्हा प्रसेनजीत दावणगेरेच्या पुढं होता. रस्त्याकडेला गाडी लावून तो स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. दुसरं करण्यासारखं तिथून काही नव्हतंच.

परत आल्यावर त्यानं विषय काढला. एका कंपनीच्या स्टाफबसवर जागा आहे. सकाळी माणसं सोडायची, संध्याकाळी आणायची, मधला दिवस मोकळा. ट्रक देऊन टाकतो. ड्रायव्हर ठेवून परवडावं, एवढी गाडी नवी राहिली नव्हती.

आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"गाडी इकलीस, तर त्या मशीनवर मी पुन्हा बसणार न्हाय. ध्येनात ठेव."

आबा बोलायचं म्हणून बोलणाऱ्यांतले नव्हते. जन्मभर त्यांनी शाहूपुरीच्या बाजारात गुळाच्या ढेपा पाठीवरून वाहिल्या, दुसऱ्यांच्या गाड्या भरल्या. त्यांच्या बापानं, आज्यानं साधी बैलगाडीसुद्धा स्वतःची म्हणून हाकली नव्हती. प्रसेनजीतचा ट्रक वस्तीत आला त्या दिवशी म्हातारा चारचौघांत बॉनेटवर हात ठेवून पोरासारखा रडला होता. ती गाडी आपल्या दुखण्यापायी जावी, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. आणि प्रसेनजीतला त्यांचं मरण गाडी जाण्याहून. दोघांचंही खरं होतं, त्यामुळं भांडायलासुद्धा जागा नव्हती.

शेवटी त्यानं गुपचूप गाडी विकली आणि तो बसवर लागला. तोट्यात का होईना, ड्रायव्हर ठेवलाय, असं आबांना सांगितलं. आबा रोज संध्याकाळी विचारायचे, गाडी कुठं पोचली? हा बेळगाव म्हणायचा, चित्रदुर्ग म्हणायचा. खोटं बोलायची त्याला मुळात सवय नव्हती. एकदा त्यानं लागोपाठ दोन दिवस गाडी सेलमला पोचवली, तेव्हा शिवानी भांडी घासता घासता मान खाली घालून हसली होती. पण आबांनी एकदा तरी गाडीला हात लावू दे, असा हट्ट धरला, आणि तिचंही हसू मावळलं.

आता तीच त्यांना दंडाला धरून घेऊन येत होती. आबांना उजेड आणि सावली, एवढंच कळे. तरी विहारापुढच्या मैदानात येताच त्यांनी तिचा हात सोडला. मागच्या फाळक्यावर तळवा ठेवला आणि तसाच फिरवत ते गाडीच्या कडेकडेनं निघाले. चाकाशी वाकले. टायर बदलले का, विचारलं. बदलले म्हटल्यावर मान हलवली. दुखण्यानं आक्रसलेला त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला, की प्रसेनजीतला केल्याचं सार्थक वाटलं. असं आणखी किती खोटं लागलं, तरी तो बोलला असता.

आबा वळसा घालून पुढं आले. बंपरवरून हात सरकत मधोमध आला आणि थांबला.

तिथं लिंबू-मिरची बांधली होती. शनिवारची, ताजी.

केबिनमधलं सगळं प्रसेनजीतनं आठवणीनं काढलं होतं, पण बंपरखाली बघायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. तिथं बघायची त्याला कधी वेळच आली नव्हती. गाडी नवीन होती तेव्हा गॅरेजवाल्यानं हौसेनं असंच लिंबू बांधलं होतं. आबांनी ते भर रस्त्यात तोडून टाकलं, आपल्या गाडीला हे लागत नाही म्हणाले, आणि त्यानंतर तिथं दोरा बांधायची कुणाची छाती झाली नाही.

आबांनी लिंबू चिमटीत धरलं. मिरच्या चाचपल्या. तोडलं नाही. दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसं जपून सोडून दिलं.

"डायवरनं बांधलं असंल, आबा," प्रसेनजीत म्हणाला.

"व्हय. असंल."

आबांनी बंपरवरचा हात काढून घेतला. मग हळूच म्हणाले,

"मालक आलाय का हितं?"

शिवानीनं तोंडाला पदर लावला. शेवटी सावलीतून हंबीररावच पुढं आले.

"हाय की, आबा. हितंच हाय मी."

"शिवानी, चहा टाक," आबा म्हणाले. "पावणं बिनचहाचं जायला नगंत."

घरात चहा पिताना आबा एकट्या हंबीररावांशीच बोलले. काय भरता, कुठवर जाता, सगळं विचारलं. माल भरताना पुढच्या अंगाला वजन जास्त घ्या, मागनं ती दबते, असं सांगितलं. हंबीरराव हो-हो करत ऐकत होते. प्रसेनजीतच्या बशीतला चहा तसाच गार झाला. निघताना हंबीरराव दारात घुटमळले आणि सवय नसलेल्या माणसासारखं "जयभीम, आबा" म्हणाले. आबांनी हात जोडले. गाडीचा आवाज हमरस्त्याला लागून विरेपर्यंत त्यांनी ते खाली घेतले नाहीत.

त्या संध्याकाळी त्यांनी गाडी कुठं पोचली, असं विचारलं नाही. रविवारीही नाही. बोलायचे ते जेवणापुरतं, पाण्यापुरतं. सोमवार मशीनचा. सकाळची खेप टाकून प्रसेनजीत घरी निघाला तेव्हा त्याचा जीव टांगणीला लागला होता. आबांनी आपला शब्द खाली पडू दिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

आबा आंघोळ करून, चपला घालून उंबऱ्यावर बसले होते.

प्रसेनजीतला सुटल्यासारखं वाटलं. आणि मागोमाग वाटलं, की म्हाताऱ्याच्या आतलं काहीतरी आपण मोडलं. ते आता मशीननं भरून येणारं नाही.

दवाखान्यात शेजारच्या कॉटवर कुणी नवीन माणूस होता, गारगोटीकडचा, बोलका. नर्स सुई घेऊन येईपर्यंत त्यानं आबांचं गाव विचारलं, दुखणं विचारलं. मग दाराशी उभ्या असलेल्या प्रसेनजीतकडं बघून, पोरगा काय करतो, ते विचारलं. एरवी या प्रश्नाला आबा, पोराची सोताची गाडी हाय, असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्यानं सांगायचे.

"डायवर हाय," आबा म्हणाले. "कंपनीच्या बसवर."

ते इतकं हळू बोलले, की त्या माणसाला ऐकूच गेलं नाही. त्यानं कानाला हात लावून पुन्हा विचारलं, आणि आबांनी पुन्हा सांगितलं.