छापखान्यातला आवाज

ग्रंथपालबाईंनी हे घर घेतलं ते शांततेसाठी. शहराच्या या टोकाला रस्ते रुंद, झाडं दाट, गल्लीच्या शेवटी बाग, आणि मोटारी पाहुण्यांसारख्या कधीमधी येणाऱ्या. लेकीला, म्हणजे ठमीला, बिनघोर बाहेर सोडता यायचं. नुसता पत्ता सांगतानाही बाईंची मान ताठ व्हायची.

पंचाईत एकच होती, ती बाईंच्या बाबांची. त्यांची उभी हयात छापखान्यात मशीनमन म्हणून गेली, आणि बिऱ्हाडही छापखान्याच्याच माडीवर. खाली यंत्रं धडधडत असायची, तेव्हा मीठ मागायचं तरी ओरडावं लागायचं. यंत्रं सुटली, आवाज काही सुटला नाही. दिवेलागणीला बाबा गॅलरीत उभे राहून "ठमेऽऽ, घरी ये" अशी हाक द्यायचे की झाडांवरची पाखरं उडायची. समोरच्या डॉक्टरीणबाईंची खिडकी लगेच उघडायची, आणि बाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी त्या बोलल्याच. "बाबा, इथे असं ओरडत नाहीत. लोक तोंडावर बोलणार नाहीत, पण नावं ठेवत असतील."

"बरं," बाबा म्हणाले. इतक्या हळू ते जन्मात कधी बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाई कामावरून आल्या तर बाबा पिशवी भरत होते. "उद्या धाकट्याकडे जातो. भर बाजारातलं घर, तिथे माझा आवाज कुणाला टोचत नाही. रागावलो नाही गं. तुझं इतकं छान चाललंय, त्याला माझं गालबोट नको."

बाईंना त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. पण राहा म्हणायचं तर काय सांगून? उरलेले दिवस कुजबुजत काढा म्हणून?

त्या संध्याकाळी गॅलरीतून हाक गेली नाही. अंधार पडला तरी ठमीचा पत्ता नव्हता. बाई चपला घालताहेत तोच बेल वाजली. दारात डॉक्टरीणबाई, त्यांच्यामागे शेजारचा सुतार, त्याच्यामागे आणखी दोघीतिघी. बाईंनी मनातल्या मनात माफी जुळवायला घेतली.

"आजोबा बरे आहेत ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आज हाक आली नाही. आमचं एकही कार्टं अजून घरी फिरकलेलं नाही."

"मी तर हाकेवरच काम थांबवतो," सुतार म्हणाला.

"पण तुमची खिडकी..." बाई चाचरल्या.

"ती होय? हाक आली की पोरं निघतात. आमची दोन्ही येताना दिसतात का, ते बघते."

बाईंनी वळून पाहिलं. आतल्या दारात बाबा उभे होते, डोळे भरलेले.

"बाबा, पिशवी रिकामी करा," बाई म्हणाल्या. "आणि हाक मारा."

"घसा बसलाय माझा. तूच मार."

ग्रंथालयात बाईंचा आवाज पुस्तकांच्या कपाटापलीकडे कधी गेला नव्हता. त्या गॅलरीत गेल्या, कठडा घट्ट धरला आणि माडीवर वाढलेल्या पोरीचा आवाज मोकळा सोडला. "ठमेऽऽ, घरी ये!"

पाखरं उडाली. बागेच्या फाटकातून पोरांचा लोंढा निघाला, सगळ्यांत पुढे ठमी. घराच्या पत्त्याचा कधी वाटला नव्हता एवढा अभिमान बाईंना आपल्या गळ्याचा वाटला.

"हुबेहूब आजोबा," सुतार म्हणाला.

"लेक आहे माझी," बाबांनी सांगितलं. बसलेल्या घशातून ते थेट बागेपर्यंत ऐकू गेलं.